एकराचा तुकडा, आणि 'एकर' ह्या शब्दाची गोष्ट



गेल्या रविवारी ओढ्याकडचं रान मोजत होतो. टेपचं दुसरं टोक धरायला पोरीला घेतलं होतं. दहावीला आहे, प्रश्न लई विचारते. दोन बांध मोजून झाल्यावर म्हणाली, "पप्पा, एकरला मराठीत काय म्हणायचं?"

मी म्हटलं, "एकरच."

"तो तर इंग्रजी शब्द आहे."

"असंल. पण आपल्यात एकरच म्हणतात."

"मग एकर म्हणजे किती?"

"चाळीस गुंठे."

"आणि चाळीसच का? ते कुणी ठरवलं?"

तिथं माझी गाडी अडली. तीस वर्षं झाली शेती करतोय. एकरी किती बॅगा, एकरी किती उतारा, एकरी किती खंड, दिवसातनं दहा वेळा हा शब्द तोंडात येतो. पण तो आला कुठनं, हे कधी डोक्यात आलं नाही. घरी आल्यावर बापलेक शब्दकोश घेऊन बसलो. त्यातनं जे कळलं ते सांगतोच, पण आधी रान मोजायची वेळ का आली ते सांगतो. त्यात माझीच चूक आहे.

ह्या रानाला आमच्या घरात 'एकराचा तुकडा' म्हणतात. आजोबा म्हणायचे, वडील म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो. सातबाऱ्यावर ० हेक्टर ४० आर. सहा वर्षं हे रान खंडानं दिलं होतं, औंदा परत घेतलं आणि सोयाबीन पेरलं. एकर म्हणून ३० किलोची बॅग आणली. रान पेरून झालं तरी पेरणीयंत्राच्या पेटीत बी शिल्लक. मला वाटलं ट्रॅक्टरवाल्यानं सेटिंग चुकवलं. त्याला दोन शब्द सुनावले आणि उरलेलं बी कडेकडेनं परत फिरवायला लावलं.

पेरणीला अठरा दिवस झाल्यावर तणनाशक घेतलं. इमॅझेथापायर १० टक्के, एकरी ४०० मिली. आमचा हिशेब ठरलेला, एकराला १५ लिटरचे दहा पंप आणि पंपाला ४० मिली. सातवा पंप संपायच्या आधीच रान संपलं. तीन पंपांचं औषध बाटलीत शिल्लक राहिलं. आता शहाण्या माणसानं काय करावं? बाटलीचं बूच लावून घरी जावं. मी ते तीन पंप जिथं केना आणि लव्हाळा जास्त दिसत होता त्या पट्ट्यांवर परत मारले. औषध वाया कशाला घालवायचं, हा विचार.

आठ-दहा दिवसांत त्या पट्ट्यांतलं सोयाबीन पिवळं पडलं. शेंड्याची पानं बारीक, झाड जागेवर बसलेलं. बाकीचं रान गुडघ्याला लागलं तरी ते पट्टे वितीएवढेच. मी तडक दुकानात गेलो आणि चारचौघांत बोललो, की औषध डुप्लिकेट दिलंस. दुकानदार माझ्यापेक्षा लहान आहे, उलटं बोलला नाही. एवढंच म्हणाला, "बापू, रान मोजलंय का कधी?" त्याचा मला जास्तच राग आला. सातबारा हाय की माझ्याकडं!

पुढं रास झाली. पाच क्विंटल. एकराला पाच म्हणजे वाईटच, म्हणून रानालाही नावं ठेवली. पण त्याचा तो प्रश्न काही डोक्यातनं जाईना. रान मोकळं झाल्यावर टेप घेऊन गेलो, तो हा रविवार.

रान चौकोनी नाही. म्हणून खुंट्या ठोकून त्याचे त्रिकोण पाडले. प्रत्येक त्रिकोणाचा पाया गुणिले उंची, भागिले दोन, आणि सगळ्यांची बेरीज. पीक उभं राहतं तेवढीच जागा धरली. २९,४०० चौरस फूट भरली. गुंठ्याचे १,०८९ फूट, त्यानं भागलं तर २७ गुंठे.

पोरीला म्हटलं, परत मोजू. परत तेवढंच.

मग बाकीचं गेलं कुठं? ४० आर म्हणजे मुळात साडेएकोणचाळीस गुंठे, कारण गुंठा हा आरपेक्षा थोडा मोठा असतो, १०१ चौरस मीटरच्या वर. त्यातले तीन गुंठे विहीर आणि विहिरीच्या दगडामातीचा ढीग. चार गुंठे गाडीवाट, जी आधी बैलगाडीची होती आणि आता ट्रॅक्टर-ट्रॉलीची झाली. तीन गुंठे ओढ्यानं दर पावसाळ्यात थोडे थोडे करून खाल्ले. उरलेले अडीच बांधात आणि लिंबाच्या सावलीत. सातबाऱ्यावर यातलं काही दिसत नाही. कागदावर रान आजोबांच्या वेळचंच आहे.

म्हणजे ४०० मिली मी २७ गुंठ्यांत संपवलं. एकराच्या हिशेबानं ते ५९० मिलीच्या वर जातं, दीडपट. आणि ज्या पट्ट्यांवर परत फिरलो तिथं तर दुप्पट. औषध चांगलंच होतं. उताराही काढून बघा, २७ गुंठ्यांत पाच क्विंटल म्हणजे एकरी साडेसातच्या आसपास. पट्टे जळूनसुद्धा. रानाला नावं ठेवायचं काही कारण नव्हतं.

आता शब्दाकडं येतो.

जुन्या इंग्रजीत एकर हे माप नव्हतंच. एकर म्हणजे नुसतं रान, पिकाची जमीन, मग ती केवढी का असंना. जर्मन भाषेत 'आकर' म्हणजे आजही शेतच. लॅटिनमध्ये तोच शब्द 'आगेर', त्यावरनं ऍग्रिकल्चर आलं. ग्रीकमध्ये 'आग्रोस', त्यावरनं ऍग्रोनॉमी. म्हणजे गावोगावच्या कृषी केंद्रांच्या पाटीवर जो 'ऍग्रो' लिहिलेला असतो, तो आणि आपला एकर हे भाऊभाऊ निघाले. त्यांचा एक भाऊ संस्कृतातही आहे. ऋग्वेदात 'अज्र' असा शब्द येतो, अर्थ मोकळी जमीन, रान. बरेच अभ्यासक ह्या सगळ्यांचं मूळ 'अज्' ह्या धातूशी जोडतात, आणि अज् म्हणजे हाकणं. जिथं जनावरं हाकत न्यायची ती जागा. पुढं तिथंच नांगर चालला.

ग्रीकमध्ये ह्याच 'आग्रोस'वरनं 'आग्रिओस' झाला, म्हणजे रानटी. आपल्यात बघा, रान म्हणजे जंगलही आणि रान म्हणजे शेतही, आणि त्यावरनं रानटी. त्यामुळं पोरीला म्हटलं, एकरला मराठी शब्द सापडला बघ. रान.

मग ह्या रानाचं माप कधी झालं? इंग्लंडात नांगराला बैल जास्त लागायचे, आठ बैलांचा नांगर ही तिथली जुनी धरलेली गोष्ट. एवढं लांबलचक औत वळवायचं म्हणजे जीव जातो. म्हणून तिथली रानं लांबट पट्ट्यांची. बैल न थांबता एका दमात जेवढं तास ओढतील तेवढी पट्ट्याची लांबी. नांगराच्या तासाला इंग्रजीत फरो म्हणतात, आणि लांब म्हणजे लाँग. फरो-लाँग, त्याचा झाला फर्लांग! आपली म्हातारी माणसं अजून म्हणतात, "गाव दोन फर्लांगावर हाय." तो शब्द नांगराच्या तासातनं आलाय हे मला ह्या वयात कळलं. फर्लांग ६६० फुटांचा, आठ फर्लांगांचा मैल.

एक फर्लांग लांब आणि ६६ फूट रुंद, एवढा पट्टा एक औत एका दिवसात नांगरतं असं धरलं गेलं, आणि तो एकर. ६६० गुणिले ६६ करा, ४३,५६० चौरस फूट होतात. आज आपण जो एकर म्हणतो तो तंतोतंत हाच. म्हणजे एकर हे मुळात जमिनीचं माप नाही. ते एका दिवसाच्या कामाचं माप आहे. राजांनी नंतर कायदा करून त्याला फुटांत बांधलं. तरी सगळीकडं ते एक झालं नाही. आयर्लंडचा जुना एकर ७,८४० चौरस यार्डांचा होता आणि इंग्रजी एकर ४,८४० यार्डांचा. म्हणजे आयरिश एकरात आपले जवळपास ६५ गुंठे बसले असते.

१६२० च्या सुमारास एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञानं मोजणीसाठी ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी वापरात आणली. नावावरनं गुंठा आठवेल, पण गुंठा हा आपल्याकडचाच शब्द, कानडीत गुंटे म्हणतात. पोरांना ही साखळी दाखवायची असेल तर क्रिकेटच्या मैदानावर न्या. स्टंपपासून स्टंपपर्यंत २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. एकराची रुंदी तेवढीच.

आपल्याकडं आधी बिघा होता. पाच हात पाच मुठी लांबीची काठी, तिच्या चौरसावर हिशेब. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. पुढं इंग्रजांच्या काळात, १८३५ मध्ये आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोन अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीचं काम सुरू केलं, आणि तीच पद्धत मग मुंबई इलाख्यात पसरली. त्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची, म्हणजे इंग्रजी साखळीच्या निम्मी. तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग एक आणा. साखळी लांब आणि साखळी रुंद असा चौकोन म्हणजे गुंठा. ३३ गुणिले ३३ बरोबर १,०८९. आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. पोरीच्या "चाळीसच का" चं उत्तर हे.

आता सातबारा बघा. १९५६ च्या कायद्यानं दशमान मापं आली आणि पुढं सातबाऱ्यावर हेक्टर-आर बसले. आर हा लॅटिन 'आरेआ' वरनं आलेला शब्द. त्याचा अर्थ मोकळी सपाट जागा, आणि दुसरा अर्थ खळं, जिथं मळणी करतात ते. हेक्टर म्हणजे शंभर आर. थोडक्यात, तलाठी सातबाऱ्यावर आपल्या नावापुढं किती खळी जमीन आहे तेच लिहितो, आणि आपण बोलताना दिवसाच्या नांगरटीच्या मापात बोलतो. दोन्ही शब्द परके, पण दोन्ही शेतकऱ्याच्या कामातनंच निघालेले.

हे वाचताना एका ओळीवर मी थांबलो. एका औताची एका दिवसाची नांगरट. कारण त्या एकराच्या तुकड्यात सहा वर्षं औत माझं नव्हतं, दुसऱ्याचं होतं.

आमच्या वस्तीच्या पलीकडं एक तात्या आहेत. स्वतःची जमीन नाही, एक बैलजोडी होती. वडील गेल्यावर मी तो तुकडा त्यांना खंडानं दिला. एकरी दहा हजार वर्षाला. वडलांनी सांगितलेला एकर, सातबाऱ्यावरचा एकर, म्हणून पुरे दहा हजार. पाऊस कमी झालेल्या वर्षीसुद्धा तात्यांनी पाडव्याच्या आधी पैसे आणून दिले. गेल्या वर्षी गुडघे गेले, बैल विकले आणि रान सोडलं.

संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो. चहा झाला. म्हटलं, "तात्या, तो तुकडा मोजला. २७ गुंठे भरला."

तात्या हसले. "मला ठावं हाय."

"कसं काय?"

"आरं बापू, माझी जोडी अर्धा एकर नांगरायची दिसाला. एकर म्हणल्यावर दोन दिस पायजेत. त्या तुकड्यात दुसऱ्या दिशी न्याहारीच्या टायमाला औत सुटायचं. बैलास्नी बी ठावं होतं, वळणावरनं घराकडं बघायची. बी तर मी वीस किलोच टाकायचो."

मी मनातल्या मनात हिशेब केला. दिवसाला वीस गुंठे, दुसऱ्या दिवशी सात. न्याहारीचीच वेळ होते. बियाण्याचंही तेच, एकराला ३० तर २७ गुंठ्यांना वीस. टेप नाही, मोबाईल नाही, सातबारा नाही, आणि आकडा चुकला नाही.

"मग बोलला का नाही?"

"तुझ्या वडलांनी एकर म्हणलं हुतं. तूबी एकर म्हणला. मी न्हाय म्हणलो असतो तर तू दुसऱ्याला दिला असतास. एवढ्याशा तुकड्याला बी चार गिऱ्हाईक हाय गावात."

ह्यावर मला उत्तर नव्हतं. खरंच तसंच केलं असतं मी.

तेरा गुंठ्यांचे वर्षाला सव्वातीन हजार, सहा वर्षांचे साडेएकोणीस हजार. हा हिशेब मी घरनंच करून गेलो होतो. म्हटलं, एवढे तुमचे माझ्याकडं येणं आहेत. मला वाटलं तात्या म्हणतील, राहू दे बापू, काय बोलतोस. तसं काही म्हणाले नाहीत. थोडा वेळ थांबून म्हणाले, "देशील तर घेईन. आयतं न्हाय मागत, माझंच हाय." आणि मग, "सगळं एकदम नको काढू. सोयाबीनला भाव न्हाय, मला ठावं हाय."

अर्धे दिले. बाकीचे तुरीचे पैसे आले की देणार. हे इथं लिहून ठेवतोय, म्हणजे मला विसरता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघं असतील अशाच वेळी गेलो आणि चूक माझी होती म्हणून सांगितलं. ट्रॅक्टरवाल्यालाही फोन केला.

आता ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी, मी ह्यापुढं काय करणार ते लिहितो.

प्रत्येक तुकडा पीक निघाल्यावर एकदा टेपनं मोजायचा, फक्त पीक उभं राहतं तेवढा. मोबाईलवर कडेनं चालून क्षेत्र काढता येतं, पण लहान तुकड्यात त्यात फरक पडतो, म्हणून टेपशी ताळा करून घ्यायचा. आलेला आकडा गुंठ्यात लिहून विहिरीच्या मोटार पेटीच्या दाराला आतनं चिकटवायचा. फवारणी करणारा गडी कुणीही असो, आकडा समोर पाहिजे.

दुसरं, पंपाचं माप. ३३ फूट बाय ३३ फूट असा एक गुंठा दोरीनं आखायचा. पंपात मोजून साधं पाणी घ्यायचं, रोजच्या चालीनं, रोजच्या नोझलनं तेवढा गुंठा फवारायचा आणि किती पाणी गेलं ते बघायचं. समजा पाच लिटर गेलं, तर एकराला २०० लिटर. ४०० मिली औषध २०० लिटरला, म्हणजे लिटरला २ मिली, १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. माझ्या २७ गुंठ्यांना असे नऊ पंप आणि २७० मिली. माझं मोजून बघितलं तर गुंठ्याला पावणेचार लिटरच जात होतं. म्हणजे मी चालतच घाईनं होतो, हे वेगळंच.

तिसरं, रान संपलं आणि औषध उरलं, किंवा बी उरलं, तर ते परत फिरवायचं नाही. तिथंच थांबून विचार करायचा की कुठला आकडा खोटा आहे. औंदा रानानं मला दोनदा सांगितलं, पेरणीला आणि फवारणीला. दोन्ही वेळा मी दुसऱ्याला दोष दिला.

आणि कृषी खात्यातले, कंपन्यांतले जे साहेब लोक हे वाचतात त्यांना एक विनंती. शिवारात आल्यावर "किती एकर?" असं विचारू नका. आम्ही वडलांनी सांगितलेला आकडा सांगतो. "पेरलं किती गुंठे, आणि मोजलं कधी?" असं विचारा.

खंडानं देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी तर दोघांनी मिळूनच टेप धरावा. तात्यांसारखं सगळ्यांना न बोलता सहा वर्षं काढता येतील असं नाही, आणि ती काढावी लागू नयेत.

पोरीनं कालच घरातल्या वहीत 'एकराचा तुकडा' खोडून 'सत्तावीस गुंठे' लिहिलं. आईला काही ते पटत नाही. ती अजून एकराचा तुकडाच म्हणते. म्हणू दे. नाव राहिलं तरी चालेल, हिशेब मात्र २७ चाच.

तुमच्या रानात असा कागदावरचा एकर आणि जमिनीवरचा एकर वेगळा निघाला असेल तर जरूर सांगा. आणि नांगरटीच्या दिवसांवरनं रान मोजणारं कुणी जुनं माणूस गावात असेल, तर त्यांना विचारून बघा. मग टेप लावा.

राम राम.